नोकरी पुण्यास, बिऱ्हाड केडगांवीं

आमच्या एका सभासद-बंधूंचें चार पानांचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्या हातीं आलें. बंधू दौंड तालुक्यांतील असून खडकवासल्याच्या कालव्याच्या भिजत्या टापूंत त्यांची बारा एकर जमीन आहे. वय ६२ वर्षें. थोरल्या मुलास पुण्यास एका कचेरींत कायमची नोकरी लागली आहे. मुलाचें म्हणणें असें कीं, कर्ज काढून हडपसरच्या बाजूस दोन खोल्यांचें घर घ्यावें आणि बायको व मुलगी यांसह तेथें रहावें. बापाचें म्हणणें असें कीं, केडगांवास स्टेशन आहे, गाड्या आहेत, मासिक पासाला फारसें पडत नाहीं. तेव्हां मुलानें घरींच रहावें व रोज पुण्यास जाऊन यावें. भाडें वांचेल, दूधभाकरी घरची राहील आणि जमिनीवर घरच्या माणसाची नजर राहील. ह्या मतभेदानें बापलेकांत दोन महिने धड बोलणें नाहीं. "आपण दोन्ही बाजू जाणतां, तरी आपणच काय तें सांगावें," असें बंधूंनीं शेवटीं लिहिलें आहे.

दोन्ही बाजू आम्ही जाणतों हें खरें, कारण ज्या गाडीवरून हा तंटा आहे त्याच गाडीनें आम्हीं नऊ वर्षें जा-ये केली आहे. घरगुती वादांत निवाडा देण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. पण मांजरी, लोणी, उरुळी, यवत, खुटबाव, केडगांव, पाटस ह्या ओळीनें लागणाऱ्या स्टेशनांच्या आसपास ज्या घरांत एक शिकलेला मुलगा आहे, त्या बहुतेक घरांत हाच वाद ह्या ना त्या रूपानें चालू आहे. म्हणून खासगी उत्तर न धाडतां तें येथें देतों.

रोज गाडीनें परगांवीं कामास जाण्याची चाल आपणांकडे नवी नव्हे. १९३० सालीं डेक्कन क्वीन सुरू झाली, ती आरंभीं शर्यतीच्या शौकिनांची गाडी होती. पुढें तीच चाकरमान्यांची झाली, आणि पुण्याहून १९२ किलोमीटरांवरील मुंबईस सकाळीं जाऊन रात्रीं परतणारीं माणसें निपजलीं. नाशिककरांस १९७५ सालीं पंचवटी मिळाली. पुणें–लोणावळें लोकल १९७८ सालची. ह्या गाड्यांतून पिढ्यान् पिढ्या लोक गेले, त्यांनीं डब्यांत भजनें म्हटलीं, पत्ते खेळले, सोयरिकीही जमविल्या. तेव्हां हें करतां येतें कीं नाहीं असा प्रश्नच नाहीं. मात्र त्या डब्यांतील बहुतेकांना संध्याकाळीं घरीं येऊन शेत पहावयाचें नव्हतें, एवढा भेद ध्यानांत ठेविला पाहिजे.

बंधूंचें पत्र आम्हीं दोनदां वाचलें. त्यांत पासाचा, भाड्याचा, दुधाचा हिशेब पैपैचा आहे. तासांचा हिशेब मात्र एका वाक्यांत आटोपला आहे: "गाडीला दीड तास लागतो." ही चूक सगळेच करतात, आम्हींही केली होती. गाडीचा वेळ म्हणजे प्रवासाचा वेळ नव्हे. प्रवास वस्तीवरच्या घराच्या उंबऱ्यापासून सुरू होतो व कचेरींतल्या खुर्चीपाशीं संपतो. वस्तीवरून स्टेशनापर्यंत फटफटीनें पंधरा मिनिटें. ती लावून फलाटावर जाणें व गाडीची वाट पाहणें यांत आणखी पंधरा. गाडींत सव्वा ते दीड तास, कारण जलद गाड्यांना वाट देण्यासाठीं ही बापडी मधेंच उभी राहते. आणि पुणें स्टेशनावर उतरून बस किंवा रिक्षानें कचेरी गांठण्यास अर्धा-पाऊण तास. असे सुमारें अडीच तास झाले. येतांना तितकेच. दिवसाचे पांच तास, महिन्याचे २५ दिवस धरले तर १२५ तास, आणि वर्षाचे १,५०० तास होतात. आठ तासांचा एक कामाचा दिवस धरून भागिलें तर हे १८७ दिवस भरतात. वर्षाचे सहा महिने मुलानें गाडींत बसून, आणि पुष्कळदां उभ्यानें, काढावे असा बंधूंच्या योजनेचा सरळ अर्थ आहे. आपल्या सालगड्यानें सहा महिने असे बांधावर बसून काढले, तर आपण त्यास पुढच्या पाडव्याला ठेवूं काय?

ब्रूनो फ्राय व आलोइस श्टुट्झर ह्या स्वित्झर्लंडांतील दोन अर्थशास्त्रज्ञांनीं जर्मन कुटुंबांची बरींच वर्षें चाललेली पाहणी तपासून २००८ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. लांबचा प्रवास पत्करणारा मनुष्य स्वस्त घर किंवा चांगला पगार यांच्या रूपानें त्याची भरपाई करून घेत असेल, असा अर्थशास्त्राचा सिद्धांत. प्रत्यक्षांत अशीं माणसें आपल्या जिण्याविषयीं कमी समाधानी आढळलीं. भरपाई होत नाहीं. जर्मनींतल्या गाड्या वेळेवर सुटत असतील अशी आमची समजूत आहे. तेथें ही स्थिति, तर दौंडच्या गाडीचें काय सांगावें!

आतां आमचा अनुभव. आम्हीं नोकरी पत्करली तेव्हां आमच्या तीर्थरूपांनींही हेंच सांगितलें आणि आम्हांसही तें पटलें. गांव सुटणार नाहीं, पगार येईल, शेत दिसत राहील. आणखी काय पाहिजे? पहिले चार महिने उत्साहांत गेले. मग थंडी आली. मार्गशीर्ष-पौषांत सकाळीं सहाला निघावें तों उजाडलेलें नसे, आणि रात्रीं आठला परतावें तों दिवेलागण होऊन बराच वेळ गेलेला असे. त्या सालीं दोन एकर रब्बी कांदा होता. वडिलांच्या डोळ्यांत मोतीबिंदु उतरूं लागला होता. पातीवरचे पांढुरके चट्टे त्यांना दिसले नाहींत, आणि आम्हांस दिसण्याचा प्रश्नच नव्हता. रविवारीं सकाळीं वाफ्यांत उतरलों तेव्हां पातीच्या बेचक्यांत फुलकिडे बोटानें निपटून काढावे इतके झाले होते. आठवडाभर आधीं एक फवारणी पुरली असती. आतां तीन करूनही कांदा लिंबाएवढाच राहिला. त्या रात्रीं आम्ही वडिलांवर रागावलों. मातोश्री चुलीपाशीं बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्यांना कशाला बोलतोस? तूं तरी इथें कुठें राहतोस, बाबा? तूं इथें नुसता निजायला येतोस."

ह्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

जमिनीवर "घरच्या माणसाची नजर" राहील, ही बंधूंच्या पत्रांतील सर्वांत वजनदार गोष्ट आहे, आणि तीच सर्वांत पोकळ आहे. १९४८ च्या कूळकायद्यानें जातीनें कसणें ह्याच्या व्याख्येंत स्वतःच्या किंवा घरच्या माणसाच्या देखरेखीखालीं मजुरांकडून कसून घेणेंही धरलें आहे. म्हणजे देखरेखीला कायद्यानेंसुद्धां शेतीच मानलें. पण ती देखरेख बॅटरीच्या उजेडांत होत नाहीं. पुण्यास राहणारा मुलगा वर्षांतून बावन्न रविवार गांवीं येऊं शकतो. केडगांवास राहून गाडीनें जाणारा मुलगाही शेत दिवसाउजेडीं पाहतो तें त्याच बावन्न रविवारीं. फरक इतकाच कीं, पहिला शनिवारीं रात्रीं झोप झालेला येतो, आणि दुसरा सहा दिवसांच्या जाग्रणानें रविवारीं दहाला उठतो. गोठ्याचें तर बोलावयासच नको. उरुळीस मणिभाई देसाई यांनीं १९६७ सालीं बायफची स्थापना केली, आणि पुढें संकरित गाय ह्या भागांत घरोघर आली; पण तिच्या पहांटेच्या धारेची वेळ आणि गाडीची वेळ एकच आहे, त्याला कोण काय करणार?

असें असलें तरी बंधूंची बाजू अगदींच लटकी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. नऊ वर्षांत आम्हीं घराच्या कर्जाचा एकही हप्ता भरला नाहीं. वडील एका रात्रीं मोरींत घसरून पडले तेव्हां आम्ही पुण्यास असतों तर त्यांना सकाळपर्यंत तसेंच पडून रहावें लागलें असतें. शेतीपंपाला वीज कांहीं दिवस दिवसा आठ तास व कांहीं दिवस रात्रीं दहा तास, अशी पाळी आम्हीं वर्षानुवर्षें पाहिली. आतां सौर विजेच्या योजनांनीं दिवसा पाणी देण्याची सोय ठिकठिकाणीं होऊं लागली आहे. पण जेथें ती पोंचली नाहीं तेथें उंसांत बिबट्या असतांना रात्रीं एकट्या म्हाताऱ्यास दारें धरावयास पाठविणें हें कोणत्या मुलास गोड वाटेल? आमचीं मुलें पिकांचीं नांवें पुस्तकांतून शिकलीं नाहींत, हाही लाभच. हे लाभ खरे आहेत. मात्र ते माणसांचे आहेत, जमिनीचे नव्हेत. बंधूंनीं मुलास "आम्हांस म्हातारपणीं तूं जवळ हवास" असें लिहिलें असतें तर त्यांत लाजण्यासारखें कांहीं नव्हतें. त्याऐवजीं त्यांनीं जमीन पुढें केली, आणि मुलानें जमिनीचा हिशेब मांडून तो खोडून काढला. अबोला बहुधा तेथूनच सुरू झाला असावा.

आतां ज्या गोष्टीसाठीं मुख्यतः हा लेख लिहावा लागला ती. पत्राच्या तिसऱ्या पानावर एक ओळ आहे: "सून जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेंत शिक्षिका आहे, तिची सोय पुढें पाहतां येईल." चार पानांत सुनेविषयीं एवढेंच. मुलानें बापास लिहिलेलें पत्रही बंधूंनीं सोबत जोडलें आहे. त्यांत तर ही ओळसुद्धां नाहीं!

बिऱ्हाड हडपसरास गेलें तर ह्या बाईंना रोज उलट दिशेनें केडगांवाकडे यावें लागेल. बदली मागतां येते; मिळणें आपल्या हातीं नसतें. म्हणजे बापाच्या योजनेंत मुलगा पांच तास जाईल, आणि मुलाच्या योजनेंत तेच तास बायकोच्या वांट्यास येतील. त्यांत सहा-सात वर्षांची मुलगी शाळेंतून परतेल तेव्हां घराचें कुलूप कोणी उघडावयाचें? बिऱ्हाड केडगांवीं राहिलें तर काय होईल, तें आम्ही आमच्या घरावरून सांगूं शकतों. मुलगा पहांटे गेला कीं पाण्याचा निरोप, मजुरांची हजेरी, औषधाच्या दुकानाची उधारी, गाईचा डॉक्टर, हें सर्व हळूहळू सुनेकडे येतें. कोणी तिला तसें सांगत नाहीं; तिच्याखेरीज दिवसा घरांत चालतें-फिरतें कोणी उरत नाहीं, एवढेंच. आमच्या नऊ वर्षांच्या जा-येचें खरें भाडें आमच्या कुटुंबानें भरलें. कोणत्या वाफ्यास पाणी बसत नाहीं, कोणता मुकादम टोळी वेळेवर आणतो, हें आम्हांस तिला विचारावें लागे. आणि शेतकी खात्याच्या सभेस मात्र रजा काढून आम्ही जात असूं. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनें १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून घरच्या स्त्रीचें नांव सातबाऱ्यावर लावा असें गांवोगांव सांगितलें. आम्हीं तें भाषण उभे राहून ऐकलें, टाळ्या वाजविल्या, आणि नांव लावण्यास त्यानंतर अकरा वर्षें घेतलीं.

मुलाच्या योजनेविषयींही दोन शब्द लिहिले पाहिजेत. पहिली रक्कम उभी करण्यासाठीं "वरचा एक एकर" विकण्याचा विचार त्याच्या पत्रांत आहे. कालव्याखालचा एकर विकून दोन खोल्या घेणें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. नोकरीचीं पहिलीं दोन वर्षें भाड्यानें रहावें. कचेरी शहराच्या दुसऱ्या टोकास हलते, मनुष्य नोकरी बदलतो, आणि विकत घेतलेलें घर जागचें हलत नाहीं. दुसरें असें कीं, शहर कोठें थांबेल हें कोणीं सांगावें? मांजरीस ऊंस व द्राक्ष यांच्या संशोधनाच्या संस्था आहेत. त्याच मांजरी बुद्रुकचा २०२१ सालीं पुणें महापालिकेंत समावेश झाला, आणि पिकांच्या जागीं इमारतींच्या रांगा उठल्या. आज जो मुलगा शहराकडे जाण्यासाठीं एकर विकतो, त्याच्याच एकरावर उद्यां शहर येऊन बसेल असेंही घडतें.

ज्यांची कचेरी आठवड्यांतून दोन-तीन दिवसच बोलाविते, त्यांस हा सर्व हिशेब लागू नाहीं. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर कांहीं धंद्यांत ही रीति टिकली आहे. अशा मुलानें खुशाल घरीं रहावें. कुरकुंभच्या कारखान्यांत जाणाऱ्यांचीही गोष्ट निराळी. तो प्रवास फटफटीचा आहे.

बंधूंनीं मत विचारलें आहे, तें असें. उंबऱ्यापासून खुर्चीपर्यंत जाऊन-येऊन तीन तासांच्या आंत काम होत असेल, तर लहान गांवीं राहून रोज जाणें शहाणपणाचें. पांच तासांचें नव्हे. तीन हा आंकडा कोण्या शास्त्रांतला नाहीं, आमच्या पाठीच्या कण्यानें सांगितलेला आहे. ह्या मापानें केडगांव मोजणींत बसत नाहीं. उरुळी कांचन बसूं शकेल. पुण्यापासून तें सुमारें ३० किलोमीटर आहे. शाळा, दवाखाने, बाजार आहेत. तेथें भाड्यानें दोन खोल्या घेतल्या तर मुलगा पश्चिमेस जाईल, सून पूर्वेस जाईल, कोणा एकावरच सर्व तास पडणार नाहींत, आणि बुधवारीं रात्रीं निरोप आला तरी फटफटीनें तासाभरांत वस्तीवर पोंचतां येईल. बंधूंना हें रुचणार नाहीं, कारण मुलगा घरांत राहिला नाहीं. मुलास रुचणार नाहीं, कारण घर स्वतःचें झालें नाहीं. सुनेस काय रुचेल तें तिला विचारल्यावांचून आम्हांस कळण्यासारखें नाहीं.

जमिनीचें मात्र बंधूंनीं आजच ठरवावें. ज्या घरांत दिवसा डोळे नाहींत त्या घरानें टोमॅटो, कांदा, फुलें यांच्या वाटेस जाऊं नये. त्यांनीं आठ एकर उंसाकडे ठेवावेत. आडसाली लागण जुलै-ऑगस्टांत झाली, ठिबक बसविलें, बांधणी उरकली, कीं त्या पिकास रोज उठून तोंड दाखवावें लागत नाहीं. दोन एकर चाऱ्यास. उरलेल्या दोन एकरांत बंधूंस स्वतःच्या पायांनीं फिरून जितकें पाहतां येईल तितकेंच करावें. आणि मोतीबिंदूची तपासणी पुढें ढकलूं नये.

मुलानें जा-ये करून पहावयाचीच असेल तर ती परीक्षा दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत घेऊं नये. आषाढांत एक महिना घ्यावी, जेव्हां पेरणी असते, चिखल असतो आणि गाडी उशिरा येते. रोज घरून निघाल्याची व परतल्याची वेळ दाराच्या मागें खडूनें लिहावी. सुनेनेंही तिच्या उठण्याची व निजण्याची वेळ त्याच दारावर लिहावी.

ज्या सभासदांच्या घरीं अशी रोजची जा-ये चालू आहे, त्यांनीं एका आठवड्याचे आपले तास आम्हांस लिहून कळवावेत. जाणाऱ्याचे वेगळे व घरीं राहणाऱ्यांचे वेगळे. स्टेशन, कचेरीचें अंतर आणि शेतांत काय उभें आहे, इतकें त्यासोबत असावें. नांव छापलें जाणार नाहीं. पत्रें महिनाअखेर कचेरींत पोंचलीं तर पुढील अंकीं तीं एकत्र करून देतां येतील.